अनित्यता आणि संघाचे नियम

सर्व काही बदलते असे मानणाऱ्या धर्माने स्वतःचे नियम बदलावेत का, हा प्रश्न बौद्ध संघापुढे बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर लगेच उभा राहिला. पाली परंपरेनुसार, क्षुल्लक नियम संघाला वाटल्यास रद्द करता येतील अशी मुभा बुद्धाने दिली होती. पण क्षुल्लक कोणते, हे त्याचा शिष्य आनंद याने विचारलेच नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत (भिक्षूंच्या धर्मसभेत) यावर एकमत होईना. शेवटी ज्येष्ठ भिक्षू महाकाश्यप याच्या प्रस्तावावरून एकही नियम न वगळण्याचे ठरले. हा निर्णय वरवर कर्मठ दिसतो. मात्र संस्थापकच नसताना पहिलीच काटछाट कुठे थांबेल, याची खात्री कोण देणार होते?

सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत भिक्षूंनी घेतलेल्या दहा सवलतींवरून वाद पेटला. शिंगात मीठ साठवणे ही त्यांतली एक; खरी कळीची होती ती सोने-चांदी स्वीकारण्याची. संगीतीने दहाही अमान्य केल्या.

सोने-चांदी नाकारली तरी संघाला वस्त्रे लागतच. पुढच्या काळातील दाता उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात यावरची एक वाट दिसते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघटनांकडे) 3000 कार्षापण (नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज होते, म्हणजे वर्षाला 240. त्यातून वर्षावासातील (पावसाळी मुक्कामातील) वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 मिळत. मुद्दल श्रेणीकडेच राही. नियमाचा शब्द शाबूत राहिला, व्यवहार मात्र पार बदलला. याला पळवाट म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे.