हात आणि डोळा

शास्त्रपाठ : १ करिंथ १२:१२-२७



काही वर्षांपूर्वी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील एका रुग्णालयात आम्ही एका नातलगाच्या उशाशी रात्रभर बसलो होतो. शेजारच्या खाटेवर एक गोंड आजी होती. तिला ना तेलुगू येई, ना मराठी. त्या वॉर्डात तिची भाषा जाणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आयाबाई. मध्यरात्री ती सिस्टरला म्हणाली, "आजीला दम लागतोय. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणते." सिस्टर एकटी, खाटा चाळीस. ती त्रासून म्हणाली, "तू तुझं काम बघ." आयाबाई गप्प झाली. सर्व ऐकूनही आम्ही गप्पच राहिलो. पहाटे धावपळ झाली, तोवर उशीर झाला होता. आजी गेली.

सिस्टर वाईट नव्हती, थकलेली होती. तरी पौलाने करिंथच्या मंडळीला ज्याविषयी ताकीद दिली, तेच तेथे घडले. डोळ्याने हाताला परके मानले.

रुग्णालय हेही एक शरीरच आहे. डॉक्टर, स्टाफ नर्स, ए.एन.एम., आयाबाई, वॉर्डबॉय, गावातली आशाताई. प्रत्येकाचे शिक्षण वेगळे, पगार वेगळा, मान वेगळा. रोगी मात्र एकच असतो. वरच्याने खालच्याचे ऐकले नाही, तर त्याची किंमत रोगी मोजतो.

ऐकले तर काय घडते, हे जामखेडने दाखवले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभले. आधी त्यांनी गावोगावी ए.एन.एम. ठेवून पाहिल्या, पण ते जमले नाही. मग गावातल्याच बायांना शिकवले. त्यांतील पुष्कळ निरक्षर, काही दलित. बाळंतपण, मुलांची वजने, स्वच्छ पाणी ही कामे त्यांनी उचलली. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली वॉशिंग्टनच्या सभेत एक दाखला दिला. डॉक्टर झुंबरासारखे, महाग आणि दूर. आम्ही पणतीसारख्या, एकीने दुसरी पेटते.

परंतु बंधूंनो, येथे एक सावधगिरी हवी. हात डोळ्याची जागा घेऊ शकत नाही. जामखेडच्या त्या बायांच्या पाठीशी नर्स, डॉक्टर व दवाखाना उभा होता. युरोपातील सहा देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जेथे शिकलेल्या परिचारिकांचे प्रमाण अधिक, तेथे रोग्यांच्या मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पैसा वाचवण्यासाठी नर्सच्या जागी आयाबाई उभी करणे हा तिचा सन्मान नव्हे. ते हाताला पाहायला लावणे होय. चाळीस खाटांवर एकच सिस्टर ठेवणाराही त्या रात्रीचा हिशेब देणे लागतो.

आणि आम्हीही लागतो, कारण आम्ही गप्प राहिलो.

आपल्या मंडळ्यांत परिचारिका आहेत, आयाबाईही आहेत. रविवारच्या प्रार्थनेत आपण कोणाची नावे घेतो? संडे स्कूलच्या शिक्षकांनो, मुलांना एवढेच विचारा : मंदिर झाडणाऱ्या मावशींचे नाव तुम्हांला ठाऊक आहे काय?

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो, आणि वेळेवर बोलणारे तोंडही देवो. आमेन.