पेन्सिलीच्या आधी

नात चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बालवर्गातून गृहपाठ आला : पानभर 'अ' काढून आणणे. अर्ध्या पानावर बोटं दुखायला लागली, मग रडारड झाली, मग पेन्सिल सोफ्याखाली गेली. उरलेलं पान तिच्या आईने हाताला धरून पुरं केलं. घरोघरी हेच चालतं, म्हणून त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

त्याच संध्याकाळी मी वाण्याची यादी करत बसले होते. ही शेजारी येऊन बसली, एका पाठकोऱ्या कागदावर चार नागमोडी रेघा ओढल्या आणि एकेकीवर बोट ठेवत मला वाचून दाखवलं, "दूध, केळी, आजीची गोळी, पेढे." दुसऱ्या दिवशी सामानाची पिशवी रिकामी करताना तोच कागद घेऊन आली. चौथ्या रेघेवर बोट आपटून म्हणाली, "आजी, हे राहिलं."

कागदावर अक्षर एकही नव्हतं. पण बोललेलं विरून जातं आणि लिहिलेलं सकाळीही तेच राहतं, हे त्या पोरीला कळलं होतं. यादी कशासाठी करतात, हेही कळलं होतं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांचं वाचन बारकाईने निरखून १९६६ साली प्रबंध लिहिला. वाचन एका ठरावीक दिवशी सुरू होत नाही, ते उमलत येतं, हा विचार तिथून पुढे रुजला. आमच्या घरात ते उमलताना मी पाहिलं, आणि गृहपाठाच्या वहीत त्याची कुठेच नोंद नव्हती.

आपल्याकडे श्रीगणेशा म्हणजे हाताचं काम. पूर्वी धूळपाटीवर बोटाने गिरवायचे, आता ठिपक्यांच्या वह्या आल्या. 'गमभन' हा क्रमसुद्धा हाताच्या सोयीचा : मिळतीजुळती वळणं एकत्र. हाताला ते सोपं जातं, पण 'म' आणि 'भ' शेजारी बसवले की कोवळ्या डोळ्याची फसगत होते. आणि तक्त्यावरच्या चित्रांबद्दल काय बोलावं! मी 'ई' शिकले ती ईडलिंबावर. ते फळ अजून हातात धरलेलं नाही.

खरी तयारी कानाची असते. आपल्या लिपीची त्यात मोठी मदत आहे, कारण आपलं अक्षर बहुधा उच्चाराचा एक तुकडा असतं. 'बाहुली' म्हणताना मूल तीन टाळ्या वाजवतं आणि लिहायला घेतलं की अक्षरंही तीनच. पण लिपी फसवतेही. 'कि'मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, कानाला मागून ऐकू येते. 'सूर्य'मधला र उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. बाराखडी घडाघडा म्हणता येणं हा यावरचा इलाज नव्हे. शब्द तोंडात मोडून पुन्हा जोडण्याची सवय लागते, आणि ती यमकांच्या गाण्यांतून, भेंड्यांमधून, मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायच्या 'च'च्या भाषेतून येते. 'मला'चं 'चलाम' करणाऱ्या पोराने अक्षरं सुटी करून पुन्हा बसवलेली असतात. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. उलट "काय बडबड लावलीय" म्हणून दटावलेलंच असतं.

ही वाट आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. साधनं म्हणजे शंखशिंपले, बिया, पानं, खडे : मुलांच्या ओळखीच्या वस्तू, ज्यांच्याविषयी त्यांना काही बोलता येईल. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला, तेही चांगलं झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'निपुण भारत'ने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं लक्ष्य ठेवलं. मला भीती वेगळीच आहे. तिसरीचं लक्ष्य पहिलीवर येतं, पहिलीचं बालवाडीवर, आणि शेवटी चार वर्षांच्या पोराच्या हातात आणखी एक गिरवायची वही पडते.

एका आदिवासी पाड्यावरच्या अंगणवाडीत मी बसले होते. एक मुलगा जमिनीवर खडूने काहीतरी काढत होता. ताईंनी त्याच्या बोलीत विचारलं, तसं तो म्हणाला की शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. ताईंनी तेच वाक्य, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं आणि बोट फिरवत वाचलं. मग त्याने वाचलं. मग बाकीच्यांनी. वाचलं म्हणजे पाठ म्हटलं, हे मलाही कळतं. पण त्यातल्या दोघांनी 'शेळी' कुठे लिहिलंय ते बरोबर दाखवलं. या कामाला पाच मिनिटं आणि एक खडू लागला. मात्र ताई त्याच पाड्यावरच्या होत्या, म्हणून ते जमलं. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी ठेवली, तर ते गप्प होतं, आणि त्या गप्पपणाला आपण 'मागे पडणं' म्हणतो.

तिथेच भिंतीशी एक लोखंडी कपाट होतं. आत गोष्टींची चित्रमय पुस्तकं होती, नवी कोरी, पानं एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं, तेव्हा ताई ओशाळून म्हणाल्या, "पोरं फाडतात हो. आणि साठा नोंदवहीत आकडा जुळला नाही की मला उत्तर द्यावं लागतं." पोरांची वजनं, पोषण आहार, मोबाईलमध्ये भरायची माहिती, एवढं सांभाळणाऱ्या बाईला आणखी एक उत्तर द्यायला लावू नये. तपासणीला येणाऱ्या साहेबांना माझी एवढीच विनंती आहे की त्या नोंदवहीत 'वाचून फाटली' असा एक रकाना वाढवा, आणि ज्या अंगणवाडीत तो कोरा असेल, तिथे कपाटाची किल्ली मागून घ्या.