विधुराचा अधिकार : ‘द पॅलिसर्स’मधील ड्यूक आणि मृतांविषयीचे कर्तव्य

मृत व्यक्तीविषयी जिवंतांचे काही कर्तव्य असते काय, आणि असल्यास ते आपण मृतासाठी पार पाडतो की स्वतःसाठी, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. वंशजांच्या बऱ्यावाईटाचा मृताच्या श्रेयाशी काही संबंध पोचतो काय, अशी पृच्छा ॲरिस्टॉटलनेही ‘निकोमॅखीय नीतिशास्त्रा’च्या पहिल्याच भागात केली होती. गतकाळावर बेतलेल्या दूरदर्शन-मालिकांत मात्र हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. तेथील उमराव विधुर हा आधीच पावन झालेला असतो. काळा पोशाख, प्रशस्त आणि ओका दिवाणखाना, भिंतीवरील तैलचित्राकडे खिळलेली नजर एवढ्या सामग्रीवर त्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली जाते. जो इतका शोक करू शकतो तो अन्यायी कसा असेल, असे प्रेक्षकाने मनोमन म्हणावे अशीच ही योजना असते. शोक आणि न्यायबुद्धी यांचे हे समीकरण तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण या समीकरणाला आतूनच छेद देणारे आहे.

हे उदाहरण म्हणजे प्लँटॅजनेट पॅलिसर, ड्यूक ऑफ ऑम्नियम. अँथनी ट्रोलप याने १८६४ ते १८८० या काळात प्रसिद्ध केलेल्या सहा राजकीय कादंबऱ्यांवरून सायमन रेव्हन याने ‘द पॅलिसर्स’ ही सव्वीस भागांची मालिका लिहिली आणि बीबीसीने ती १९७४ साली प्रक्षेपित केली. ड्यूकची भूमिका फिलिप लॅथम याने, तर त्याच्या पत्नीची, म्हणजे लेडी ग्लेनकोराची, सुझन हॅम्पशायर हिने केली होती. पॅलिसर हा कर्तव्यदक्ष, शुष्क, आकडेमोडीत रमणारा, अंतर्यामी कोमल परंतु ती कोमलता व्यक्त करण्यास असमर्थ असा गृहस्थ आहे. ग्लेनकोरा विनोदी, उतावळी आणि मनस्वी आहे. मोठ्या संपत्तीची वारस असलेल्या या मुलीचे प्रेम बर्गो फिट्झजेराल्ड या देखण्या, निष्कांचन आणि उधळ्या तरुणावर होते. वडीलधाऱ्यांनी ते प्रेम मोडून तिचा विवाह पॅलिसरशी घडवून आणला. विवाह टिकला, मुले झाली, पती पंतप्रधानपदापर्यंत पोचला. या टिकण्याला सुख म्हणावे काय, हा प्रश्न कादंबरीमालिकेने अखेरपर्यंत उघडा ठेवला आहे.

ग्लेनकोराच्या मृत्यूनंतर या प्रश्नाला धार येते. शोकाकुल ड्यूकला कळते की आपली मुलगी लेडी मेरी ही फ्रँक ट्रिगिअर नावाच्या तरुणावर प्रेम करते. ट्रिगिअर हा कॉर्नवॉलमधील एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. त्याला ना पैसा, ना उद्योग. त्यातून मताने हुजूरपक्षीय. एवढ्यावर भागले असते तर हा नेहमीचाच पितृसत्ताक पेच ठरला असता. परंतु मुलीच्या या प्रेमाला आईची संमती होती, आणि ती संमती आईने पतीपासून लपवून ठेवली होती. आपल्याला जे नाकारले गेले ते मुलीला मिळावे अशी त्या मृत स्त्रीची इच्छा होती, असा याचा एकच सरळ अर्थ होतो. बर्गोऐवजी पॅलिसर मिळाला हे आपले भाग्य, असे तिला वाटत असते तर तिने मेरीसाठी ट्रिगिअरची पाठराखण केली नसती. म्हणजे तिचे हे गुपित मुलीच्या विवाहाविषयी जितके बोलते, त्याहून अधिक ते तिच्या स्वतःच्या विवाहाविषयी बोलते. ड्यूकच्या हाती आलेली ही एक साक्ष आहे, आणि साक्षीदार उलटतपासणीपलीकडे निघून गेलेला आहे.

या क्षणी ड्यूक जे करतो ते ‘द ड्यूक्स चिल्ड्रन’ (१८८०) या अखेरच्या कादंबरीतील मर्मस्थान होय. तो मिसेस फिन या बाईंना दोषी ठरवतो. त्या ग्लेनकोराच्या सर्वांत जिवलग मैत्रीण. वस्तुतः मेरीचे हे प्रकरण त्यांना डचेसच्या मृत्यूनंतर कळले, आणि कळताक्षणीच, तुम्ही स्वतः ड्यूकना सांगा, अन्यथा मला सांगावे लागेल, असे त्यांनी ट्रिगिअरला बजावले. म्हणजे या सर्व व्यवहारात ड्यूकशी प्रामाणिक राहिलेली अशी ही एकच व्यक्ती. परंतु ड्यूक असे गृहीत धरतो की त्या प्रथमपासून कटात सामील होत्या, आणि थंड, सभ्य शब्दांचे एक पत्र लिहून त्यांच्याशी संबंध तोडतो. या अन्यायामागची प्रेरणा दुष्टपणाची नाही, शोकाची आहे. घराण्यात फसवणूक घडली आहे. फसवणूक म्हटली की फसवणारा हवा. मिसेस फिन निर्दोष ठरल्या तर उरते ती केवळ ग्लेनकोरा. मृत पत्नी निष्कलंक राहावी म्हणून जिवंत बाईच्या माथी कलंक लावावा लागतो. शोक आंधळा असतो असे आपण म्हणतो. येथे तो डोळस आहे. आपल्याला काय पाहावयाचे नाही, हे त्याला नेमके ठाऊक आहे.

किर्केगार्डने १८४७ मधील ‘प्रेमाची कार्ये’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की मृताची आठवण ठेवणे हे प्रेमाचे सर्वांत निःस्वार्थ, सर्वांत मुक्त आणि सर्वांत एकनिष्ठ कार्य होय. मृत व्यक्ती परतफेड करू शकत नाही, म्हणून ते निःस्वार्थ. ती कशाचीही सक्ती करू शकत नाही, म्हणून मुक्त. आणि मृत व्यक्ती बदलत नाही, त्यामुळे नात्यात काही पालट झालाच तर तो जिवंताने केलेला असतो, म्हणून ही एकनिष्ठेची निखळ कसोटी. विचार मोठा आहे. परंतु त्यातील तिसरे गृहीतक ड्यूकच्या उदाहरणापुढे टिकत नाही. मृत व्यक्ती बदलते. पेटीत सापडलेले एक पत्र, मैत्रिणीने उच्चारलेले एक वाक्य, मुलीने दिलेली एक कबुली यांमुळे ती बदलते. ग्लेनकोरा मेल्यानंतर ड्यूकच्या दृष्टीने जितकी पालटली तितकी ती संसारात कधी पालटली नसेल. अशा वेळी एकनिष्ठा म्हणजे काय? आपल्या मनातील जुन्या प्रतिमेला चिकटून राहणे, की जी स्त्री आता प्रथमच दिसू लागली आहे तिला मान्यता देणे? ड्यूक पहिला मार्ग स्वीकारतो आणि त्यालाच निष्ठा समजतो. त्याचे प्रेम खोटे नाही, परंतु त्या प्रेमाचा विषय ग्लेनकोरा उरलेली नसून त्याने तिच्याविषयी बाळगलेला समज झालेला आहे.

येथे माध्यमांतराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कादंबरीत ग्लेनकोरा पहिल्या वाक्याआधीच मृत झालेली आहे. आधीच्या कादंबऱ्या वाचलेल्या वाचकालाही या संहितेत ती केवळ इतरांच्या आठवणींतून भेटते. तिने काय केले हे आपल्याला ड्यूकबरोबरच, तुकड्यातुकड्यांनी उमगते. मालिकेचा आरंभच त्या ठरवून केलेल्या विवाहाने होतो, आणि रेव्हनने ग्लेनकोराला अखेरच्या भागांपर्यंत जिवंत ठेवले आहे; तिची मुले वयात येतात, प्रेमात पडतात, ती तिच्या डोळ्यांदेखत. लोकप्रिय नायिकेला शेवटपर्यंत पडद्यावर ठेवण्याची व्यावहारिक निकड यामागे असेलही. परंतु तिचा नैतिक परिणाम दूरगामी आहे. वाचक विधुराच्या अज्ञानात सहभागी असतो. प्रेक्षक त्या अज्ञानाचा साक्षी होतो. पत्नी कशी होती हे प्रेक्षकाला पतीहून अधिक ठाऊक असते, आणि म्हणून ड्यूकच्या चेहऱ्यावरील संयत दुःख पाहताना त्याला करुणेबरोबरच एक अवघडलेपणही जाणवतो. या लाभाची किंमतही आहे. कादंबरीत विधुरपण ही एका संपूर्ण ग्रंथाची दीर्घ, रटाळ, रोजची अवस्था आहे. मालिकेत ती उपसंहार होते. शोकाला चूक करण्यास, चूक ओळखण्यास आणि ती सुधारण्यास लागणारा अवधी पडद्यावर उरत नाही. नैतिक शिक्षण ही वेळखाऊ प्रक्रिया आहे, हे कादंबरीला तिच्या लांबीमुळेच सांगता येते.

ड्यूकच्या नकाराला शोकाबरोबर वर्गहिताचाही आधार आहे, हे विसरून चालणार नाही. ट्रिगिअर पैशावर डोळा ठेवून आला आहे असा त्याला संशय येतो. परंतु ग्लेनकोराची संपत्ती पॅलिसर घराण्यात आली ती विवाहाच्याच वाटेने. विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर व्यापक स्वतंत्र अधिकार देणारा इंग्लंडमधील कायदा १८८२ साली, म्हणजे या कादंबरीनंतर, संमत झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या संशयातील विसंगती अधिकच बोचते. ‘द प्राइम मिनिस्टर’ (१८७६) या कादंबरीत हाच ड्यूक उदारमतवादाची व्याख्या ड्यूक आणि गाडीवान यांच्यातील अंतर हळूहळू कमी करीत जाणे अशी करतो. आता मुलगा सिल्व्हरब्रिज हा जिचे आजोबा मजूर होते अशा इझाबेल बॉनकॅसेन या अमेरिकन तरुणीशी विवाह करू इच्छितो, तेव्हा ते अंतर आपल्या घरात कमी होऊ नये असे त्याला वाटते. तत्त्व सार्वत्रिक आणि अपवाद घरचा, ही नीतीतील सर्वांत सामान्य लबाडी आहे. शोक या लबाडीला प्रतिष्ठा देतो, कारण शोकग्रस्ताशी कोणी वाद घालीत नाही. विधुराचा अधिकार म्हणतात तो हाच : आपल्या इच्छेला मृताच्या इच्छेचे वजन देण्याचा, आणि मृताची खरी इच्छा प्रतिकूल निघाल्यास ती दडपण्याचा.

येथे एक आक्षेप संभवतो. अखेरीस ड्यूक दोन्ही विवाहांना संमती देतो. तेव्हा त्याच्यावर इतका कठोर निवाडा का? परंतु ही संमती त्याच्या नैतिक परिवर्तनाचे पुरेसे प्रमाण नाही. मेरी खंगत जाते आणि हटत नाही. सिल्व्हरब्रिज हटत नाही. बापाचे प्रेम त्याच्या तत्त्वाहून बलवत्तर ठरते. हा पराभव आहे, सन्मान्य असला तरी पराभवच. त्याच्या न्यायबुद्धीचा शोध घ्यावयाचा तर तो याआधी, कथानकाच्या कडेला घडलेल्या एका लहानशा कृतीत घ्यावा लागतो. मिसेस फिन दयेची याचना करीत नाहीत. त्या न्याय मागतात. माझ्यावर केलेला आरोप खरा आहे काय, एवढेच सांगा, असा त्यांचा आग्रह असतो. आणि ड्यूक, ज्याला शब्द नेहमीच जड जातात, आपण चुकलो असे लेखी कबूल करतो. मुलांना दिलेल्या संमतीपेक्षा ही कबुली मोठी आहे, कारण तिच्यात मृत पत्नीविषयीची एक अनुच्चारित कबुली सामावलेली आहे. मिसेस फिन निर्दोष, याचाच अर्थ ग्लेनकोराने हे केले. तिला तिच्या कृत्याचे कर्तृत्व परत देणे हेच तिला परत माणूस करणे होय. निष्कलंक प्रतिमेला इच्छा नसते. इच्छा माणसाला असते, आणि ती पतीच्या इच्छेहून भिन्न असू शकते.

ही कबुलीही अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे. पत्नीने लपविले का, आपल्याजवळ बोलणे तिला अशक्य का वाटले, हा पुढचा प्रश्न ड्यूक स्वतःला पुरतेपणी विचारीत नाही. ट्रोलपही त्याला तेथवर ढकलीत नाही. परंतु प्रश्नाची दिशा स्पष्ट झालेली आहे. मृतांविषयीचे आपले कर्तव्य त्यांची प्रतिमा जपण्याचे नसून त्यांच्याविषयी उशिरा कळलेले सत्य सोसण्याचे आहे. आणि हे कर्तव्य पार पडले की नाही, याची परीक्षा थडग्यापाशी होत नाही. ती होते मृतांच्या आसपास वावरलेल्या, अद्याप जिवंत असलेल्या, आणि आपल्या शोकाने ज्यांच्यावर अन्याय केला त्या माणसांपाशी. ड्यूकच्या बाबतीत ही परीक्षा एका पत्राने घेतली आणि दुसऱ्या पत्राने, काठावर का होईना, तो ती उत्तीर्ण झाला. गतकाळाच्या मालिकांतील तैलचित्रासमोर उभ्या असलेल्या उमरावांना आपण यापुढे एवढेच विचारावे : आपण कोणासाठी शोक करीत आहात हे कळले, परंतु त्या शोकाची किंमत कोणी चुकती केली?