दाढी करून गेलेला माणूस

मेडिकल बोर्डाच्या दिवशी सकाळी सहा वाजता माझ्या धाकट्या भावाने स्वतःहून दाढी केली. तीन-साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच. आई मोरीच्या दाराशी उभी राहून बघत होती. दुसरा कुठलाही दिवस असता तर तिने देवापुढे साखर ठेवली असती. त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आजच करायची होती का याने?"

तिच्या तोंडून हे आलं त्यामागे एक सल्ला होता. ओपीडीत भेटणाऱ्या एका बाईंनी, ज्यांच्या मुलाचा दिव्यांगत्वाचा दाखला आधी झाला होता, आईला बजावलं होतं : दोन दिवस अंघोळ घालू नका, केस विंचरू नका, आत गेल्यावर त्याला बोलू देऊ नका, तुम्हीच बोला. आईला ते पटलं नव्हतं. ज्या पोराला पाच वर्षं रोज सकाळी "उठ, अंघोळ कर, चार माणसांत नीट बस" म्हणून सांगितलं, त्याला आता नीट दिसू नकोस म्हणून कसं सांगायचं? तिने सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो आमच्याबरोबर निघाला.

सरकारी रुग्णालयाच्या त्या व्हरांड्यात कुबड्या होत्या, तीनचाकी गाड्या होत्या, आईच्या कडेवरची मोठी झालेली मुलं होती. नाव पुकारल्यावर आम्ही तिघं आत गेलो, तर फाइल घेणाऱ्याने विचारलं, "पेशंट कुठाय?" डॉक्टर सभ्य होते, थकलेले होते, बाहेरची रांग त्यांनाही दिसत होती. अंघोळ स्वतः करतोस? हो. जेवण? हो. घरच्यांशी बोलतोस? हो. काम? मामाच्या दुकानात बसतो. प्रत्येक उत्तर त्याने मान वर करून, अदबीने दिलं. मामाच्या दुकानात तो भिंतीकडे तोंड करून बसतो, आवाज सुरू झाले की मागच्या गोदामात जाऊन दोन-दोन तास बाहेर येत नाही, महिन्यातून आठ दिवस तो रात्री दाराला टेबल लावून जागा असतो, हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. पाच मिनिटंही झाली नसतील.

दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के भरले नाहीत.

हे २०१८ सालचं. भावाचा स्किझोफ्रेनिया २०१३ सालचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला. आम्ही बोर्डापुढे एवढ्या उशिरा का गेलो, याचं कारण मी आहे. माझं लग्न ठरेपर्यंत आईने दाखल्याचा विषय घरात काढू दिला नाही. 'वेडाचं सर्टिफिकेट' असलेल्या भावाची बहीण कोण करून घेणार, असं एका नातेवाइकाने तोंडावर म्हटलं होतं. भावाच्या त्या वर्षांवर माझं लग्न उभं आहे, आणि हे मी विसरू शकत नाही.

मानसिक आजाराची टक्केवारी कशी काढतात, हे मला नंतर कळलं. त्यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. ती भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केली आणि २००२ साली सरकारने ती अधिकृत केली. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम अशा चार बाबी. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. त्रास जितका जास्त तितके गुण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण मिळवायचे : दोन वर्षांच्या आत एक, दोन ते पाच वर्षांना दोन, सहा ते दहा वर्षांना तीन, त्यापुढे चार. एकूण वीस. सहापर्यंत सौम्य, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या खाली. सातपासून चाळीस टक्के. सहा आणि सात यांच्यामध्ये कायद्याचा सगळा उंबरठा आहे.

भावाला सहा मिळाले होते. स्वतःची काळजी या रकान्यात शून्य. ती दाढी.

मोजपट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट ती नीट वाचली तर ती बनवणाऱ्यांना हा आजार ठाऊक होता हे दिसतं. रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाला विचारा, जुने केसपेपर बघा, हे त्यातच अपेक्षित आहे. पण ही मोजपट्टी वेळ मागते, आणि वेळ हीच गोष्ट बोर्डाच्या दिवशी कोणाकडे नसते. पोलिओ झालेला पाय सकाळी आठला जसा असतो तसाच दुपारी दोनला असतो. मन तसं नसतं. त्याचे चांगले आठवडे असतात आणि बुडालेले आठवडे असतात. शिवाय या आजाराची एक क्रूर खूण अशी, की अनेक रुग्णांना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. "मला काही झालेलं नाही" हे वाक्य लक्षण म्हणून पुस्तकात आहे. बोर्डापुढे तेच वाक्य पुरावा म्हणून त्याच्या विरुद्ध जातं. माझ्या भावाला तर आम्ही घरानेच बरं दिसायला शिकवलं होतं. लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, पाहुण्यांसमोर. वर्षभर जे लपवायचं तेच एका सकाळी उघडं करून दाखवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून परत झाकायचं, ही कसरत धडधाकट माणसालाही झेपणार नाही.

बाईच्या बाबतीत तर हे आणखी बिकट होतं. कामाच्या रकान्यात गृहिणीसाठी वेगळे प्रश्न आहेत. घरकाम हे काम आहे हे तिथे मान्य आहे, ही चांगलीच गोष्ट. पण पोळ्या करतेस का, असं विचारल्यावर ती हो म्हणते. तिची सासू गॅसशेजारी उभी असते, कारण मागे एकदा पदर पेटला होता. हे त्या हो-मध्ये येत नाही. आमच्या ओपीडीतली एक बाई डोक्यातल्या आवाजांशी भांडत भांडत रोज वीस पोळ्या लाटते. तिच्या हातांना सवय आहे म्हणून पोळ्या होतात. माहेरी परत पाठवलेल्या अशा बायकांना दाखल्याची गरज सगळ्यांत जास्त असते आणि त्यांना बोर्डापर्यंत घेऊन जाणारं माणूस सगळ्यांत कमी वेळा मिळतं.

कायदा या सगळ्याच्या पुढे आहे. मानसिक आजार १९९५च्या अपंगत्व कायद्यातही होता, पण नोकरीच्या आरक्षणात त्याला जागा नव्हती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती दिली, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरेंसोबत एक टक्क्याच्या वाट्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या कायद्याने दिव्यांग व्यक्तीची व्याख्या करताना समाजातल्या अडथळ्यांचा उल्लेख केला : दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे एकत्र येऊन माणसाचा सहभाग रोखतात, ते दिव्यांगत्व. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात हीच दृष्टी ठेवली. मानसिक आजाराशी जोडलेल्या वागण्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरू शकतो, असं म्हटलं. पण टक्केवारी मोजताना हे अडथळे कुठेच मोजले जात नाहीत. ज्या कंपनीने भावाला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं ती रकान्यात नाही. "कसल्या गोळ्या घेतोस?" असं विचारून खोली नाकारणारा घरमालकही नाही.

आता पैशाबद्दल, कारण शेवटी लोक त्यासाठीच रांगेत उभे असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून महाराष्ट्रात आहे. तहसील कार्यालयात तिला नुसतं 'संजय गांधी' म्हणतात : "संजय गांधी चालू झालं का?" दरमहा १५०० रुपये मिळत होते, २०२५मध्ये दिव्यांगांसाठी ते २५०० झाले. २०१६च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे, की दिव्यांगांना मिळणारं साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान पंचवीस टक्क्यांनी जास्त असावं. ही वाढ झाली, चांगलं झालं. पण उत्पन्नाची अट? दिव्यांगासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाही. २०२४च्या लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. ज्या राज्याला अडीच लाखांचं कुटुंब गरजू वाटतं, त्याच राज्याला एका मनोरुग्णाच्या घरचे साठ हजार जास्त वाटतात, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही. आईला वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. तेवढ्याने भाऊ निराधार ठरत नाही. त्याच्या खिशात स्वतःचा रुपया नसतो, केस कापायलाही तो आईकडे हात पसरतो, पण कागदावर तो कमावत्या घरातला आहे. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचं तर बोलायलाच नको : ऐंशी टक्के दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषेखालचं घर, आणि महिन्याला ३०० रुपये. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्यविमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी आहे. मानसिक आजार तिच्यात बसतच नाही.

निवृत्तिवेतनावरून आईची खरी भीती सांगते. सरकारी नोकराच्या मागे मनाचा विकार असलेलं मूल असेल आणि त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल, तर त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आमच्यासारख्या घरांसाठी ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. आईबापांच्या 'आमच्या मागे याचं कसं' या प्रश्नाला व्यवस्थेने दिलेलं हे जवळजवळ एकमेव ठोस उत्तर. पण त्याची किल्ली 'पोट भरता येत नाही' या शब्दांत आहे. त्यामुळे भाऊ चार पैसे मिळवू लागला की आईचा जीव वर-खाली होतो. डॉक्टर म्हणतात, त्याला कामाला लावा, काम हे औषध आहे. आई विचारते, आणि मग माझ्या मागे? दोघंही बरोबर आहेत. बरं होणं आणि आधार मिळणं या दोन गोष्टी आपण एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या आहेत, आणि निवड करायला लावली आहे ती सत्तरीच्या बाईला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मानसिक आजारात आधार हा उद्ध्वस्त झाल्याचं बक्षीस म्हणून देता येत नाही. तो आधी द्यावा लागतो, म्हणजे माणूस उद्ध्वस्त होत नाही. क्लोझापिन हे औषध घेणाऱ्या रुग्णाला सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि मग दर महिन्याला रक्त तपासावं लागतं; तपासणीला जायचं म्हणजे त्याचं भाडं आणि सोबतच्याची मजुरी बुडते. ती तपासणी टळली की औषध थांबतं, औषध थांबलं की भरती. अनुदान या साखळीच्या पहिल्या कडीत लागतं. म्हणून उत्पन्न रुग्णाचं स्वतःचं बघायला हवं, घराचं नको. कमाई सुरू झाली तर आधार एका फटक्यात तोडण्याऐवजी हळूहळू कमी व्हायला हवा, आणि आजार उलटला तर नव्याने रांग न लावता परत सुरू व्हायला हवा. टक्केवारी ठरवताना वर्षानुवर्षं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदी आणि घरच्यांचं म्हणणं यांना त्या पाच मिनिटांपेक्षा जास्त वजन हवं. यासाठी नवा कायदा लागणार नाही.

यावर येणारा आक्षेप मी जाणते. २०२४मध्ये पुण्यात नेमणूक असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्यात मानसिक आजाराचाही दावा होता, आणि लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली. त्यानंतरच्या आठवड्यांत लोक सरसकट म्हणू लागले, मनाचा आजार काय, कोणीही सांगेल. खोटे दाखले पकडायलाच हवेत, त्यांनी आमच्याच रांगेतली जागा खाल्लेली असते. पण विचार करा, कोणाला सोपं जातं? जो खोटं सांगायला आला आहे तो दाढी वाढवून येतो, उत्तरं पाठ करून येतो. पाच मिनिटांच्या तपासणीत तोच तरतो. तपासणी उथळ असेल तर लबाड आत जातो आणि खरा आजारी बाहेर राहतो. संशय वाढवून हे सुधारणार नाही, खोलात जाऊन सुधारेल. आणि आकडे बघा. २०११च्या जनगणनेत देशात मानसिक आजार असलेले ७,२२,८२६ लोक नोंदले गेले. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. सगळेच दिव्यांग नसतात, मान्य. तरी या दोन आकड्यांमधल्या दरीत लबाड किती आणि दार उघडून "आमच्याकडे असं कोणी नाही" म्हणणाऱ्या आया किती? जनगणनेची बाई आली तेव्हा आमच्या एका शेजारणीने तेच उत्तर दिलं होतं. तिचा थोरला आतल्या खोलीत होता.

'देवराई' हा चित्रपट २००४ साली आला. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती गोष्ट. तो उभा राहिला डॉ. जगन्नाथ वाणींमुळे. पत्नीच्या आजारासोबत आयुष्य काढलेला, कॅनडात राहणारा हा माणूस पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी करून गेला. आजार घरात येण्याआधी मी तो चित्रपट पाहिला होता आणि रडले होते. पुढे कळलं, पडद्यावर नसलेला भाग झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात आणि तहसीलच्या बाकावर असतो.

२०२१मध्ये आम्ही परत बोर्डापुढे गेलो. या वेळी सात गुण झाले. त्याची प्रकृती तेवढीच होती. आजार आठ वर्षांचा झाल्यामुळे एक गुण वाढला होता. कार्ड घरी आलं. त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. एसटीत सवलतीसाठी त्याने ते एकदाच पुढे केलं. वाहकाने वाचलं, त्याच्याकडे वर-खाली बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "काय होतं तुला?" तेव्हापासून तो पूर्ण तिकीट काढतो. कार्ड आईच्या कपाटात, तिच्या मंगळसूत्राच्या डबीखाली आहे.

दाखला पाच वर्षांच्या मुदतीचा होता. आता परत तपासणी आहे. गेलं वर्षभर भाऊ आठवड्यातून तीन सकाळी एका ओळखीच्या छापखान्यात पुस्तकांची बांधणी करतो. फॉर्मे मोजतो, दोरा ओवतो. मुदत जवळ आल्याचं त्याला कळलं आहे. परवा रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "ताई, या वेळी दाढी करू की नको?"

मला उत्तर सुचलं नाही. आईने ताट सरकवलं, उठली, आणि सकाळच्या अंघोळीसाठी त्याचे कपडे काढून ठेवले.