उचंत खाते

माझ्या हातून आयुष्यात मोठी वस्तू कधी पडली नाही, कारण मोठी वस्तू माझ्या हातात कोणी दिलीच नाही. बँकेत कारकून म्हणून २५ वर्षे होत आली. टाचण्या, शिक्के, एकदा स्टॅम्पपॅड आणि एकदा एका मुदत ठेवीच्या पावतीवर चहा, एवढाच माझा पाडापाडीचा इतिहास. तेव्हा माझी आठवडाभराची झोप उडवणारी वस्तू नखाएवढी असावी यात नवल काही नाही. नवल एवढेच, की ती कुठे पडली हे कोणालाच कळले नाही, आणि पुढचा सगळा नैतिक घोळ त्या न कळण्यातून झाला.

वस्तूचे नाव सर्कलिप. मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन असतो हे माझ्यासारख्या बी. कॉम. माणसालाही ठाऊक असते. त्या पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी एक आडवी पिन असते. मिस्त्री लोक तिला गजन पिन म्हणतात. गजाननाशी तिचा संबंध नाही. ही पिन बाजूला सरकून सिलिंडर खरवडू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचे एकेक कडे बसवतात. ती सर्कलिप. थोडक्यात, दाराची कडी. फरक एवढाच की ही कडी स्प्रिंगच्या पोलादाची असते आणि बसवताना हात जरा हलला तर बेडकासारखी उडी मारते. किंमत दहा रुपये.

गाडी माझ्या वडिलांची. बुलेट, १९७८ सालची, मद्रासला जन्मलेली. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, त्यामुळे एकदा मागून नेणारा माणूस दुसऱ्यांदा मागायला येत नसे. वडील हायस्कुलात गणित शिकवत. ही गाडी त्यांनी चाळीसच्या वर कधी नेली नाही, मागे कोणाला बसवले नाही, आणि चांगली गिऱ्हाइके दारात येऊनही विकली नाही. आई म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या गाडीला जपतात." ते गेल्यावर पाच वर्षे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मला ती झेपेना. किक मारायची म्हणजे आधी अँपिअरच्या काट्याकडे बघायचे, मग डिकॉम्प्रेसर दाबायचा, मग देवाचे नाव घ्यायचे. इतक्या वेळात माझी स्कूटर बँकेत पोचलेली असते. शेवटी पुण्याचा एक तरुण मुलगा गिऱ्हाईक म्हणून मिळाला. नुकतेच लग्न ठरलेले. पाच हजार इसार देऊन म्हणाला, "काका, धूर फार मारतीय, तेवढं करून द्या. लग्नानंतर पहिल्यांदा हिच्यावरूनच महाबळेश्वरला जाणार. मेढ्यावरून, केळघरचा घाट चढून."

म्हणून एका रविवारी साताऱ्यात, पोवई नाक्याच्या अलीकडे एका गॅरेजात, मी मिस्त्रींना मदत करत होतो. मदत म्हणजे मोबाइलची बॅटरी धरणे आणि दर पाच मिनिटांनी "अजून किती वेळ?" असे विचारणे. ब्लॉक बोअर करून आणला होता, नवा पिस्टन चढवायचा होता. इंजिनाचे चेंबर खाली आ वासून उघडे होते. त्याच्या तोंडात एक फडके कोंबलेले होते, म्हणजे काही पडलेच तर फडक्यावर पडावे. ही अक्कल मला त्या दिवशी नव्हती. माझ्या बोटांना तेल लागले, समोर फडके दिसले, मी ते उपसले आणि बोटे पुसू लागलो. त्याच क्षणी मिस्त्रींच्या नोज प्लायरमधून आवाज आला, "टिंग."

तो आवाज मला अजून ऐकू येतो. गॅरेजातला रेडिओ चालू होता, पण मला वाटले की तोसुद्धा थांबला.

मिस्त्रींनी आधी जमिनीकडे पाहिले, मग चेंबरच्या उघड्या तोंडाकडे, आणि मग हाताखालच्या पोऱ्याकडे. पोऱ्या आयटीआय करून तिथे लागलेला, १९-२० वर्षांचा. "फडकं लाव म्हटलं होतं ना रे तुला?"

"लावलं होतं," पोऱ्या म्हणाला.

"मग कुठाय?"

फडके माझ्या पँटच्या खिशात होते. "टिंग" झाल्याबरोबर मी ते कोंबले होते, जसा चोर पुरावा कोंबतो तसे. विचार करून नव्हे. विचार करायची सवय असती तर मी आधी फडकेच उपसले नसते. "लावलं होतं" असे पोऱ्या पुन्हा म्हणाला, पण या वेळी आवाज जरा कमी. तिसऱ्यांदा म्हणाला, "लावलं होतं वाटतं." माणसाची खात्री किती लवकर झिजते हे मी तिथे तीन वाक्यांत पाहिले, आणि खिशात हात घालून उभा राहिलो.

मग शोध सुरू झाला. जमीन झाडून झाली, मातीवरून लोहचुंबक फिरवून झाले. दोन जुने खिळे, एक स्पोक आणि २५ पैशांचे एक नाणे मिळाले. ते नाणे २०११ सालापासून चालत नाही, तरी पोऱ्याने ते माझ्याकडे दिले, प्रामाणिक पोरगा. मग एका जुन्या स्पीकरचे चुंबक तारेला बांधून चेंबरात सोडले. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे, त्याला चुंबक चिकटत नाही. पण आतले फ्लायव्हील पोलादाचे, त्याला ते असे बिलगे की जणू हरवलेला भाऊ भेटला. खालचा नट काढून डिझेल ओतून धुतले. गाळ आला, सर्कलिप आली नाही.

संध्याकाळी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, बाहेरच उडाली असणार. नवीन लॉक टाकतो, गाडी चालू करू. आवाज आला तर उघडू."

"आणि आतच असेल तर?"

"तळाशी पडून राहिली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. फ्लायव्हीलच्या सापटीत आली तर मग चेंबर गेलं. किंवा पिस्टन धरला. मग मागचं चाक जाम."

केळघरच्या घाटात, मागे नवी नवरी. हे ते म्हणाले नाहीत, मीच मनात म्हणालो. पूर्ण चेंबर फोडून बघायचे तर मजुरी साडेतीन हजार आणि चार दिवस. "गिऱ्हाइकाला काय सांगायचं?" असे विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "लॉक नवीन टाकलंय म्हणून सांगा. खोटं थोडंच आहे?" हे अगदी धर्मराजाचे उत्तर. नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ म्हणे तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालायचा आणि त्या वाक्याने खाली टेकला. माझी बुलेट आधीच जमिनीवर होती, म्हणजे मला त्या बाबतीत धोका नव्हता.

रात्री झोप येईना तेव्हा मला उचंत खाते आठवले. मी १९९९ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजर होती. महिनाअखेर बाक्या जुळवायच्या, आणि बारा पैशांचा फरक आला तरी रात्री दहापर्यंत बसायचे. मला वाटे, बारा पैसे खिशातून टाकावेत आणि घरी जावे. आमचे हेडक्लार्क म्हणत, "फरक बारा पैशांचा आहे हे तुला कोणी सांगितलं? बारा हजार इकडे आणि अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे तिकडे चुकले असतील." ज्या रकमेचे घर सापडत नाही ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची अशी सोय असते. तात्पुरती! काही रकमा तिथे इतक्या वर्षे राहतात की नोकरीला असत्या तर त्यांना पेन्शन बसली असती. आणि कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवले होते, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नाही; एक चूक दुसरीला झाकत असली तरी तेरीज जुळते. गाडी पहिल्या किकला चालू झाली तर ती फक्त तेरीज जुळली म्हणायची. सर्कलिप उचंतलाच.

शेजारी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सकाळी आमचे वर्तमानपत्र न्यायला आले तेव्हा मी त्यांना सर्व सांगितले. (सर्व म्हणजे, फडके सोडून.) ते फारच खूश झाले. म्हणाले, "अहो, हे तर क्लिफर्डचं जहाज!" क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली हा प्रश्न मांडून ठेवला आहे. एका मालकाचे जुने जहाज. नादुरुस्त असावे असा त्याला संशय. पण इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, देव आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि माणसे भरून जहाज सोडले. ते बुडाले. मालकाने विम्याचे पैसे घेतले.

"क्लेम मिळाला?" मी विचारले.

"मिळाला."

"कागदपत्रं पुरी असणार."

प्राध्यापकांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले. म्हणाले, "मुद्दा असा, की जहाज बुडालं नसतं तरी तो तेवढाच दोषी. जहाज तरलं की बुडालं यावर नाही, समोर जेवढा पुरावा होता तेवढ्यावर त्याला तसं मानायचा हक्क होता का, यावर." एवढे सांगून ते वर्तमानपत्र घेऊन गेले. ते परत आले नाही. वर्तमानपत्र, प्राध्यापक नव्हे.

सौ.ने क्लिफर्डचे नाव ऐकलेले नाही. कणीक मळता मळता तिने एवढेच विचारले, "तो मुलगा आपला जावई असता तर?" आणि मग, "उघडा म्हणावं. पैसे काय, येतात जातात." आमच्याकडे ते फक्त जातात, पण वेळ वादाची नव्हती. मी मिस्त्रींना फोन केला, गिऱ्हाइकाला चार दिवस थांब म्हणालो, आणि त्या रात्री स्वतःवर फार खूश होऊन झोपलो.

गुरुवारी चेंबर फोडले. मी कॅज्युअल टाकून हजर. सर्कलिप नव्हती. तेलाच्या खान्याच्या कोपऱ्यात मात्र, डांबरासारख्या गाळात, एक लहानसा नट सापडला. "हा आत्ताचा नाही," मिस्त्री म्हणाले. "जुना आहे. तेल भरताना वरून पडला असणार. इथं काही फिरत नाही, शंभर वर्षं राहिला असता तरी काही झालं नसतं."

या गाडीत तेल वडीलच भरत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. मी तो नट पुसून हातात धरला आणि एकदम ते चाळीस आठवले, ती रिकामी मागची सीट आठवली, आणि दारातून परत गेलेली गिऱ्हाइके. या खान्यात काही फिरत नाही हे त्यांना कोणी सांगितले होते का? का सगळा काळ ते एकटेच तो नट अंगाखाली घेऊन चालवत होते? तसे नसेलही. पेट्रोलची काटकसर असेल. चाळीसला अ‍ॅव्हरेज चांगले मिळते. विचारायला ते नाहीत.

मिस्त्रींनी बिल केले. पॅकिंग आणि तेल, बाराशे. "मजुरी?" मी विचारले. "नको साहेब. चूक आमची. पोऱ्याच्या पगारातनं थोडी थोडी कापतो, त्याशिवाय शिकायचा नाही." आणि इथे मी जे बोललो ते लिहायला मला आठवडाभर जड गेले आहे. मी म्हणालो, "राहू द्या हो, लहान आहे. चुकतं माणूस." पोऱ्याने माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिले की मी चहा न पिताच निघालो.

रविवारी कपडे धुवायच्या मशीनमधून खडखड आवाज यायला लागला. सौ. म्हणाली, "खिसे तपासून टाकत जा, हजारदा सांगितलं." मशीन थांबवून तिने आतून एक काळेकुट्ट फडके काढले, आणि मग ड्रमच्या तळातून चिमटीत एक तारेचे कडे. धुतल्यामुळे छान चकाकत होते. म्हणजे सर्कलिप पडली होती ती फडक्यातच. फडक्याने आपले काम चोख केले होते, फक्त ते माझ्या हातात होते. "हे काय?" असे तिने विचारले. मी सांगितले. या वेळी फडक्यासकट. तिने कपडे पुन्हा मशीनमध्ये टाकले आणि म्हणाली, "दुकान सात वाजता बंद होतं ना त्यांचं?"

स्कूटर घेतली. साडेतीन हजार एका पाकिटात, सर्कलिप शर्टाच्या खिशात, पेनच्या शेजारी. मिस्त्री पंक्चरच्या चाकात हवा भरत होते. मी कडे त्यांच्या हातावर ठेवले आणि खालच्या आवाजात सगळे सांगितले. त्यांनी कडे उजेडात धरून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आतल्या बाजूला हाक मारली, "ए, इकडं ये. साहेब काय म्हणतायत ऐक."

पोऱ्या हात पुसत आला. कॉम्प्रेसर चालू होता, त्याला काही ऐकू जाईना. मला सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले, ओरडून.