दानाचे फळ आणि दानाचा हिशेब

दान दिल्यानंतर ते कोठे गेले याची चौकशी करणे पुष्कळ सद्गृहस्थांना कमीपणाचे वाटते. दिले ते दिले. त्याचा हिशेब मागणारा तो व्यापारी, दाता नव्हे, अशी समजूत घरोघर आढळते. तिला आधार म्हणून गीतेतील फलत्यागाचा उपदेश पुढे केला जातो. कर्म करावे, फळाची आशा धरू नये. तेव्हा पावती हाती पडली की दात्याचे काम संपले, असा या युक्तिवादाचा इत्यर्थ असतो. हा अर्थ खरा असेल तर विचार येथेच संपतो. परंतु गीतेचे सतरावे व अठरावे अध्याय जो सावकाश वाचील त्याला तो खरा वाटणे कठीण आहे.

एक उदाहरण घ्यावे. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सरोजिनी नगर हा भाग आहे. विमानतळ, कारखाने आणि वाढत्या वसाहती यांमुळे तेथील सावली कमी होत चालली आहे, व उन्हाळा दरवर्षी अंगावर येतो. समजा, तेथील एका सेवानिवृत्त गृहस्थाकडे पर्यावरणाचे कार्य करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते आले. एका रोपास पन्नास रुपये, अशी त्यांची मागणी. गृहस्थाने निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये दिले व शंभर झाडांचे पुण्य जोडले. पावसाळ्यात लावणीचे छायाचित्र घरी आले. व्यवहार येथे पूर्ण झाला, असे दाता समजतो, संस्थाही समजते.

परंतु झाड जुलैमध्ये मरत नाही. ते मरते पुढच्या एप्रिल, मे, जूनमध्ये, जेव्हा पाणी घालणारा कोणी नसतो व गुरे मोकळी फिरत असतात. त्यातही या भागातील पुष्कळ जमीन ऊसर आहे. तिच्यावर रेह नावाचा पांढरा क्षार फुटतो, आणि खाली अनेक ठिकाणी कंकराचा असा कठीण थर असतो की कोवळे मूळ त्यातून उतरत नाही. याच परिसरातील बंथरा येथे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति उद्यानाने, ज्याला आज राष्ट्रीय वनस्पति अनुसंधान संस्थान म्हणतात, १९५६ पासून ऊसर जमीन सुधारण्याचे प्रयोग चालविले. प्रा. कैलासनाथ कौल हे त्या कार्याचे प्रवर्तक. अशा जमिनीत खोल खड्डा घेऊन, माती बदलून, शेणखत घालून, अर्जुनसादड्यासारखी क्षार सोसणारी झाडे लावली तर ती जगतात. नुसता वीतभर खड्डा करून लावलेले रोप बहुधा छायाचित्रापुरतेच असते. ही गोष्ट संस्थेच्या दारापासून काही कोसांवर इतकी वर्षे उपलब्ध आहे. ती संस्थेला ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न विचारणे म्हणजे फळाची आसक्ती काय?

येथे 'फल' या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना 'फळ' म्हणतो. कर्त्याला जे मिळते ते एक: कीर्ती, पुण्य, स्वर्ग, दगडावर कोरलेले नाव. आणि कर्माने जे साधावयाचे ते दुसरे: भुकेल्याचे पोट भरणे, विहिरीला पाणी लागणे, झाड जगणे. गीता ज्याचा त्याग सांगते ते पहिले. दुसऱ्याचाही त्याग करावयाचा असता तर अर्जुनाने बाण कोठेही सोडले असते तरी चालले असते. सात्त्विक कर्ता सिद्धी व असिद्धी यांत निर्विकार असतो खरा; पण त्याच ठिकाणी धृती आणि उत्साह हीही त्याची लक्षणे सांगितली आहेत. कार्य साधले काय, बिघडले काय, याची ज्याला दखलच नाही त्याला उत्साह कशाचा? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त लोकसंग्रहावर जो भर दिला तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. लोकांचे हित खरोखर झाले की नाही हे न पाहता लोकसंग्रह कसा होणार?

शिवाय दानाच्या प्रकरणात देश, काळ व पात्र यांचा विचार सात्त्विक दानाच्या व्याख्येतच घातलेला आहे. पात्र ओळखावयाचे तर पाहावे लागते, विचारावे लागते. याहून स्पष्ट वचन अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात आहे. तेथे तामस कर्माचे लक्षण सांगताना चार गोष्टींकडे दुर्लक्ष करून मोहाने आरंभिलेले कर्म, असे म्हटले आहे: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. म्हणजे मागाहून काय होईल, खर्च किती होईल, इजा कोणाला होईल, आणि ते पार पाडण्याचे सामर्थ्य आहे की नाही. क्षय या शब्दाखाली शंकराचार्यांनी शक्तीबरोबर धनाचाही क्षय घेतला आहे. तेव्हा हिशेब न पाहता केलेले वृक्षारोपण, हेतू कितीही गोड असला तरी, कोणत्या कोटीत जाते हे सांगावयास नको.

अनुबंधाचा प्रश्न सर्वांत मोठा. ११ जुलै २०१६ रोजी उत्तर प्रदेशात एका दिवसात सुमारे पाच कोटी रोपे लावली गेली व तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. ९ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच राज्यात बावीस कोटींवर रोपे एका दिवसात लागली. महाराष्ट्रातही २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी रोपांचा संकल्प झाला, व पुढे २०२१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. या आकड्यांत लावणी मोजली आहे, जगणे नव्हे. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत कायद्यात लावलेल्या रोपांपैकी किमान ८५ टक्के जगविण्याची जबाबदारी गावाच्या कारभाऱ्यांवर टाकली. ही दिशा योग्य होय. मात्र तेवढ्याने प्रश्न मिटत नाही; जगण्याचीच मोजणी होऊ लागली की जे सहज जगते तेच लावण्याचा मोह होतो, आणि मग वड-पिंपळाऐवजी सुबाभळीचे रान उभे राहते.

आता खर्चाचे पाहू. येथे दात्यांचा एक दृढ गैरसमज आहे. ज्या संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्च कमी ती प्रामाणिक, आणि पगारावर जी पैसे घालते ती लबाड. एक काल्पनिक गणित करावे. पहिली संस्था रोपामागे पन्नास रुपये घेते, हजार रोपे लावते, त्यांतील दोनशे जगतात. खर्च पन्नास हजार, म्हणजे प्रत्येक जिवंत झाडास अडीचशे रुपये. दुसरी संस्था रोपामागे दोनशे रुपये घेते. ती कुंपण घालते, तीन उन्हाळे पाणी देते, राखणदार ठेवते. हजारांतील साडेआठशे जगतात. येथे जिवंत झाडास सुमारे दोनशे पस्तीस रुपये पडले. जी चौपट महाग दिसत होती तीच स्वस्त ठरली, आणि तिचा 'वरखर्च' म्हणून जो दिसत होता तो राखणदाराचा पगार हेच खरे वृक्षारोपण होते. उलट वनखात्याच्या रोपवाटिकेतून रोपे फुकट मिळत असता कोणी रोपाची किंमत म्हणून पैसे मागत असेल, तर ते पैसे नेमके कशाला, हे विचारणे रास्त आहे.

लेखापरीक्षकाचा दाखला अवश्य मागावा. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यापासून धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेले हिशेब द्यावे लागतात. कौटिल्याने तर कारभाऱ्यांनी धन खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत. ती यादी आजही जुनी झालेली नाही. पण लेखापरीक्षक पाहतो तो पैसा ज्या नावाने खर्ची पडला त्या नावाने खरोखर दिला गेला काय एवढे. तो शेतात जाऊन झाडे मोजत नाही. वही बिनचूक आणि माळ उजाड, असे होऊ शकते.

हिंसेविषयी थोडक्यात एवढेच. मोकळी दिसणारी जमीन रिकामी असतेच असे नाही. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. त्या पक्ष्याला गवताळ माळ हवा, झाडी नव्हे. गावच्या गायरानावर झाडे लावून कुंपण घातले तर ज्या धनगराच्या मेंढ्या तेथे चरत त्याला कोणी विचारले होते काय?

अशी शंका येईल की एवढी चौकशी करू लागल्यास दान थांबेल, आणि संशय हा कृपणाचा आवडता आश्रय आहे. शंका बरोबर आहे. चौकशीच्या निमित्ताने मूठ मिटून घेणारे लोक आहेत. समाधान असे की चौकशी दानाच्या मापाने असावी. पाच हजार देणाऱ्याने संस्थेचे दहा वर्षांचे दप्तर उघडू नये. त्याने पुढच्या जूनमध्ये एका सकाळी जाऊन शंभर खड्डे पाहावेत. लहान संस्थेला सुबक अहवाल लिहिता येत नाही, आणि मोठ्या संस्थेला तो फार चांगला लिहिता येतो. पायी जाऊन पाहणाऱ्याला दोन्हींची अडचण पडत नाही. शुद्ध हेतूलाही असे पाहणे लागतेच. विनोबांच्या भूदानाला १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे आरंभ झाला. चाळीस लाखांवर एकर जमीन मिळाली. पण तिच्यातील बरीच खडकाळ किंवा कज्जात अडकलेली निघाली, व मोठा भाग वाटलाच गेला नाही. विनोबांच्या निष्कामतेविषयी कोणाला शंका नाही. तरी किती एकर मिळाले याबरोबर किती एकर भूमिहीनाच्या हाती पडले हेही मोजावेच लागले.

शेवटी दात्याच्या स्वतःच्या वाट्याचा दोष उरतो, व तो सहसा कोणी बोलत नाही. दोन संस्था दारी येतात. एक सांगते, शंभरातील अठ्ठ्याण्णव झाडे जगली. दुसरी सांगते, चाळीस मेली. ऊसर जमिनीचा अंदाज चुकला, यंदा खड्डे खोल घेतले आहेत. बहुतेक गृहस्थ पहिलीला पैसे देतात. पुढच्या वर्षी दुसरी संस्थाही अठ्ठ्याण्णव म्हणावयास शिकते. तिला हे शिकविले कोणी?