तिन्ही कोनांची बेरीज

हे परमेश्वरा,

जिथे आमचे पाय पोचत नाहीत, तिथे पोचणारी दृष्टी तू भूमितीच्या रूपाने आम्हांला दिलीस. एक बाजू आणि दोन कोन हाती आले, की उरलेल्या बाजू तिथवर न जाताही कळतात. एवढ्याच शिदोरीवर विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला घेतला. १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटला त्यांचा देह पडला, पण त्रिकोणांची साखळी हिमालयापर्यंत गेली. नेपाळची वाट बंद होती. तरी दूरच्या मैदानातून कोन घेतले गेले, राधानाथ सिकदारांसारख्यांनी आकडेमोड केली, आणि सर्वांत उंच शिखर २९,००२ फूट भरले. या देण्यासाठी तुझ्यापुढे मस्तक ठेवतो.

देवा, वहीच्या पानावर त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून १८० अंश होतात. तुझ्या गोल पृथ्वीवर मात्र ध्रुवापाशी काटकोन करून निघालेली दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला मिळाली, की त्यांच्या त्रिकोणाचे कोन २७० अंश भरतात. लॅम्बटन यांच्या त्रिकोणांतही हे आधिक्य किंचित असे, आणि ते हिशेबात धरावे लागे. तरी अवकाश सपाटच असणार, असे मोठमोठे विद्वान दोन हजार वर्षे मानत आले. लोबाचेव्हस्की, बोयाय आणि रीमान यांनी वेगळ्या भूमितीची शक्यता दाखवली. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी वस्तुमानापाशी अवकाशच वक्र होतो असे मांडले, आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वळलेले दिसले.

म्हणून मागणे आहे. ज्या कागदावर आम्ही जग रेखाटतो, त्या कागदाचा सपाटपणा तुझ्या सृष्टीवर आम्ही लादू नये. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, आणि खरी आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. असा नकाशा मुलांपुढे ठेवताना शेजारी पृथ्वीचा गोलही ठेवण्याची आठवण आम्हांला दे. दूरच्या माणसांचे लहानमोठेपण आम्ही अशाच नकाशांवरून ठरवत असू, तर ते मोजमाप आमच्या हातून काढून घे.

मोजण्याची हौस आमच्यात जागी ठेव. आणि कोनांची बेरीज जास्त आली, तर ती चूक म्हणून खोडण्याआधी पायाखालची जमीन तपासण्याचे धैर्य दे.